डोंगर पाऊस वाटतो, पाणी माणूस वाटतो

(शेतकरी व कारागीर मंडळींच्या बैठकीत झालेले व्याख्यान)



आज मी तुम्हांस भूगोल सांगणार आहे. भूगोल म्हटला की शाळेतल्या पोराने घोकलेली नद्यांची नि राजधान्यांची नावे डोळ्यांपुढे येतात. तसला भूगोल मला सांगावयाचा नाही. आपल्या पायाखालची जमीन, डोक्यावरचा ढग आणि घरातली कणगी यांचा एकमेकांशी काय संबंध आहे, एवढाच आजचा विषय.

हा विषय घेण्याचे कारण असे. पाऊस लांबला म्हणजे गावात दोन प्रकारची माणसे बोलू लागतात. एक म्हणतो, हे गेल्या जन्मीचे पाप. अनुष्ठान करा, दक्षिणा द्या, म्हणजे वरुणराजा प्रसन्न होईल. दुसरा जरा शिकलेला असतो. तो म्हणतो, आपला मुलूखच पर्जन्यछायेचा. नकाशातच दुष्काळ लिहिलेला आहे, त्याला कोण काय करणार? पहिल्याला आपण हल्ली हसतो आणि दुसऱ्याला विद्वान समजून मान डोलावतो. पण दोघांच्या बोलण्याचा शेवट एकच आहे: तुम्ही हात जोडून बसा. पहिल्याने दैव पोथीत दाखविले, दुसऱ्याने नकाशात. पहिल्याचा समाचार जोतीराव फुल्यांनी घेतला. दुसऱ्याचे म्हणणे कोठवर खरे आणि कोठून पुढे खोटे, हे आज आपण तपासून पाहू.

आधी खरे काय ते सांगतो. समुद्रावरून येणारे पावसाळी वारे सह्याद्रीस अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तेथेच बहुतेक ओझे टाकतात. महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरांच्या आसपास, म्हणजे जुन्या मापाने दोनशे इंचांच्या वर पाऊस पडतो. तेथून घाट उतरून वाईस या. तो सातआठशे मिलिमीटरांवर येतो. आणखी पूर्वेस माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला या भागांत गेलात तर पाचशेच्या आतबाहेर, आणि तोही बेभरवशाचा. महाबळेश्वर आणि दहिवडी यांच्यात पाखराच्या वाटेने शंभर किलोमीटरांचेही अंतर नाही. एवढ्या टापूत पाऊस दहाव्या हिश्शावर येतो.

दुसरी गोष्ट खडकाची. आपला देश ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे तो सहासाडेसहा कोटी वर्षांपूर्वी निघालेल्या लाव्हारसाचा थर आहे. त्याची झीज होऊन काळी माती झाली. ती ओल धरते म्हणून रब्बीची ज्वारी निघते. पण खालचा पाषाण घट्ट. जेथे तो कुजला असेल, चिरफाळला असेल, तेथेच पाणी मुरते. म्हणून एकाच्या विहिरीस झरा लागतो आणि बांधापलीकडच्याची विहीर कोरडी जाते. यात कोणाचे पुण्य नाही की पाप नाही.

तिसरी गोष्ट नद्यांची. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते. तेथून पश्चिमेचा समुद्र साठसत्तर किलोमीटरांवर आहे. पण डोंगराचा उतार पूर्वेकडे, म्हणून ती चौदाशे किलोमीटर चालून बंगालच्या उपसागरास मिळते. ही डोंगराची आपल्यावर कृपा आहे. पाऊस त्याने अडविला खरा, पण त्यातला मोठा वाटा नदीच्या रूपाने आपल्याच दारावरून पाठविला. ही गोष्ट ध्यानात ठेवा; पुढे तिचे काम पडेल.

आता या डोंगराने माणसांचे धंदे कसे वाटून दिले ते पाहा. कोकणात पाऊस उदंड, पण सपाट जमीन थोडी; भाताची खाचरे पोटास पुरत नाहीत. म्हणून रत्नागिरीचा गडी मुंबईच्या गिरणीत गेला. घाटमाथ्याच्या जावळी-पाटणकडचा गडी मुंबईच्या बाजारात माथाडी झाला. माणदेशात पीक बेभरवशाचे, पण गवत बरे. म्हणून तेथे धनगराची मेंढरे वाढली, आणि मेंढरांच्या मागे लोकरीचा, घोंगडीचा धंदा आला. खानापूर-विट्याकडील पुष्कळ घरांनी सोन्याचांदीच्या गलाईचे काम उचलले आणि हिंदुस्थानभर भट्ट्या मांडल्या. बीडच्या बालाघाटावरून दरसाल हजारो जोडपी कोयता घेऊन ऊसतोडीस जातात. ज्याच्या रानात पाऊस नाही, त्याने दुसऱ्याच्या रानातला ऊस तोडावयाचा! कारागिराची गतही तीच. बलुत्याच्या काळी खळे रिकामे राहिले की सुताराची, लोहाराची, कुंभाराची, न्हाव्याची कणगी शेतकऱ्याच्याही आधी रिकामी होत असे.

येथवर नकाशावाल्याचे म्हणणे मला मान्य आहे. डोंगराने धंदे घडविले, गावे घडविली, माणसे परगावी धाडली. पण म्हणून सारे डोंगरानेच ठरविले काय? चार दाखले देतो.

पहिला दाखला राज्याचा. सह्याद्रीत वाटा थोड्या, त्याही अरुंद. ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती व्यापार. दोन हजार वर्षांपूर्वी सातवाहनांच्या काळी कल्याण-सोपाऱ्याचा माल नाणेघाटाने जुन्नरास आणि पुढे पैठणास जाई. त्या घाटात सातवाहन राणीचा शिलालेख आजही आहे. पुढे याच डोंगराच्या आधाराने शिवाजीमहाराजांनी राज्य उभे केले. 1656 साली जावळी घेतली, प्रतापगड बांधला, आणि 1659 साली अफझलखानाची अवजड फौज त्याच खोऱ्यात गाठली. हत्ती, तोफा, बुणगे घेऊन येणाऱ्यास ते रान म्हणजे पिंजरा, आणि मावळ्यास ते परसदार. यावरून कोणी म्हणतात, स्वराज्य डोंगराने दिले. मी विचारतो, डोंगर महाराजांच्या आधी नव्हता काय? शेकडो वर्षे हेच कडे, हीच खिंड होती, आणि याच किल्ल्यांवर दुसऱ्यांची निशाणे होती. तेव्हा मावळातला कुणबी रयत होता. स्वराज्याचा हक्कदार नव्हता. त्यास आपले राज्य म्हणून लढविणारा पुढारी मिळाला तेव्हा डोंगर कामास आला. डोंगर हत्यार देतो. ते कोणी कोणासाठी उचलावयाचे, हे माणूस ठरवितो.

दुसरा दाखला बाजाराचा. 1863 साली बोरघाटातून आगगाडी वर आली. त्यापूर्वी घाटाची वाहतूक लमाणांच्या बैलतांड्यांवर होती. कोकणातून मीठ वर येई. आगगाडीने डोंगराची भिंत फोडली. त्याच सुमारास, 1861 ते 1865, अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते. तेथील कापूस विलायतेस जाईना, म्हणून आपल्या कापसास सोन्याचा भाव आला. सावकाराने हात सैल सोडला, कुणब्याने कर्ज काढले. युद्ध संपले, भाव कोसळला, सरकारने मात्र नव्या मोजणीत शेतसारा वाढविला. मग 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले, सावकाराच्या घरातून कर्जरोखे काढून त्यांनी जाळले, आणि ती आग पुणे-नगरच्या गावोगाव गेली. 1879 साली सरकारास शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. डोंगर फोडणारी वाट सर्वांसाठी उघडली होती ना? मग त्या वाटेने खाली गेलेल्या कापसाचा नफा शेटजीकडे आणि वर आलेल्या विलायती कापडाचा मार साळी-कोष्ट्याच्या मागावर, ही वाटणी कोणी केली? ती सह्याद्रीने केलेली नव्हती.

तिसरा दाखला पाण्याचा, आणि तो सर्वांत कडू. 1876 ते 1878 च्या मोठ्या दुष्काळात माणसे किड्यामुंगीसारखी मेली. जोतीरावांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ पुरा केला, त्यात उपाय सांगितला आहे: पावसाचे पाणी शेतातच मुरेल अशा ताली-बंधारे घाला, तलाव-धरणे बांधा, विहिरींस उत्तेजन द्या, आणि कालव्याचे पाणी शेतकऱ्यास वेळेवर मिळत नाही म्हणून पाटबंधारे खात्यास खडसावले आहे. एक फुलमाळी सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी सांगत होता की दुष्काळ आभाळातून पडत नाही, तो पाणी न अडविल्याने पडतो.

सरकारने कालवे काढले. 1885 साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला, 1926 साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. पहिल्या कालव्यांचा हेतू दुष्काळी भागाची ज्वारी-बाजरी वाचविण्याचा. पण बऱ्या साली ज्वारीवाला पाणी घेईना, मग पाणीपट्टी कोठून यावी? सरकारास उत्पन्न हवे होते, म्हणून बारमाही पाणी पिणाऱ्या उसास रान मोकळे झाले. सासवडच्या माळ्यांनी मात्र याच संधीचे सोने केले. ते नीरेच्या, पुढे इतर कालव्यांच्या काठी खंडाने जमिनी घेत गेले, ऊस पिकविला, गूळ केला, आणि 1932 साली आपली साखर कंपनी काढून अकलूजजवळ माळीनगर वसविले. 1950 साली लोणीस प्रवरेचा सहकारी कारखाना चालू झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या खटपटीने शेतकरी स्वतः साखरेचा मालक झाला. ही आपली कमाई आहे, तिचा अभिमान धरा.

पण अभिमानाबरोबर हिशेबही मांडा. आज राज्यात पाण्याखाली आलेली जमीन एकंदर पिकाच्या शेकडा वीसच्या आतबाहेरच आहे, आणि ऊस तर त्याहून पुष्कळ थोड्या रानात. तरी पाटाच्या पाण्याचा अर्ध्याहून मोठा वाटा तोच पितो. जो कालवा दुष्काळी ज्वारीसाठी म्हणून निघाला, त्याच्या मुखाशी हिरवे बेट आणि शेपटाशी धूळ! पूर्वी आपण म्हणत होतो, शेटजी-भटजींनी बहुजनांस बुडविले. ते खरेच होते. पण पाटाच्या चारीवर बसून खालच्या भावाचे पाणी तोडणारा आज बहुधा शेटजीही नाही आणि भटजीही नाही. तो आपल्यातलाच, आपल्याच आडनावाचा, आपल्याच मांडवात फुल्यांच्या तसबिरीस हार घालणारा असतो. हे बोलणे कोणास झोंबले तर झोंबो. सत्यशोधक म्हणवून घेणाऱ्याने सत्य आधी आपल्या घरात शोधावे.

आणि सारे पाणी आपल्याकडेच आले असेही नाही. 1921 ते 1924 मुळशी पेट्यात मावळ्यांनी सत्याग्रह केला, कारण मुंबईच्या गिरण्यांस वीज देण्यासाठी टाटांचे धरण त्यांची भातखाचरे बुडवीत होते. कित्येक जमिनी आधीच सावकाराकडे गहाण. कसणाऱ्याच्या हाती फारसे काही लागले नाही. कोयनेचे धरण साठीच्या दशकात उभे राहिले. एकशेपाच अब्ज घनफुटांचा तो साठा. आणि कृष्णा लवादाच्या निवाड्याप्रमाणे त्यातले साडेसदुसष्ट अब्ज घनफूट, म्हणजे साडेसदुसष्ट टीएमसी पाणी, दरसाल विजेसाठी डोंगरापलीकडे सोडता येते. वीज करून ते वाशिष्ठीतून समुद्रास मिळते. डोंगराने पूर्वेस दिलेले पाणी माणसाने पश्चिमेस वळविले. त्या विजेवर गिरण्या चालल्या, आपले पंपही चालले, हे मी नाकारीत नाही. पण ज्यांची घरे बुडाली त्यांच्या पुढच्या पिढ्यांनाही जमिनीसाठी आंदोलने करावी लागली, आणि माण-आटपाडी तहानलेलीच राहिली. यात पर्जन्यछाया किती आणि सत्ताछाया किती, हे तुम्हीच ठरवा.

चौथा दाखला महाडचा, आणि तो नकाशावाल्याचे तोंड कायमचे बंद करतो. महाड सह्याद्रीच्या पायथ्याशी. तेथे पावसाची ददात नाही. पावसाळ्यात सावित्री नदी घरात शिरते. तरी त्या गावच्या चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्य मानलेल्या माणसास मिळत नव्हते. आपल्या ब्राह्मणेतर चळवळीतील सीताराम केशव बोले यांनी 1923 साली मुंबई कायदेमंडळात ठराव आणून सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करविले, तरी तळे उघडेना. म्हणून 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला. सांगा, महाडातली ती टंचाई कोणत्या ढगाने पाडली? ढगाने दिलेले पाणी माणसाने अडविले. आणि अडविणाऱ्यांत केवळ भटजी नव्हते, आपणही होतो, हे कबूल करावयास हवे.

आता कोणी म्हणेल, व्याख्याते, दोष पुष्कळ दाखविलेत, चांगले कोठे घडले आहे का? घडले आहे.

धुळे-नाशिककडे पांझरा, मोसम या नद्यांवर शेकडो वर्षांची फड पद्धत आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या रानाचे फड. एका फडात एका हंगामी एकच पीक, म्हणजे पाण्याची पाळी भांडणाविना जाते. पाणी देण्यास पाटकरी, राखणीस जागल्या. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने स्वतःच्या पिकास पाणी सोडावयाचे नाही, पाटकऱ्यानेच सोडावयाचे. हा शहाणपणा कोणत्या इंजिनियराने शिकविला नाही. आपल्याच आज्या-पणज्यांनी तो बसविला.

कोल्हापुरास शाहूछत्रपतींनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात भोगावतीवर राधानगरीचे धरण हाती घेतले. ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. त्याआधीच, 1895 साली, शाहूपुरी पेठ वसवून त्यांनी गुळास बाजार करून दिला होता. डोंगर तोच, पण राजाने पाणी, बाजार आणि विद्या ही तिन्ही एकत्र आणली, म्हणून तेथला कुणबी लवकर उठला.

1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावी विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिचे नियम असे: पाणी जमिनीच्या मापाने नव्हे, माणसांच्या संख्येने, माणशी अर्धा एकर, घरास फार तर अडीच एकर, ऊस लावावयाचा नाही, आणि ज्यास जमीन नाही त्यासही पाण्यात वाटा. नायगाव काही महाबळेश्वरी गेले नाही. पाऊस तेवढाच राहिला, हिशेब बदलला.

आणि सांगली जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यात येरळा नदीवर तांदूळवाडी-बलवडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर 1980 नंतरच्या दशकात स्वतः धरण बांधले. नदीची वाळू ठेकेदार नेत होते. लोकांनी तीच थोडी वाळू विकून बांधकामास पैसा उभा केला, बाकी श्रमदान. पाणी सर्व घरांस सारखे, भूमिहीनांसही. धरणास नाव दिले बळीराजाचे, त्या बळीराजाचे ज्याची आठवण जोतीरावांनी आपणांस करून दिली. पुढे 1993 पासून आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडींसारखे प्रतिसरकारचे जुने सैनिक समान पाण्यासाठी लोकांबरोबर उभे राहिले. 1943 साली साताऱ्याच्या ज्या खोऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले, तेथल्याच एका सैनिकाने म्हातारपणी पाण्याचे स्वराज्य मागितले. मला तर यात एकच लढा दिसतो.

तेव्हा मंडळी, सार इतकेच. पाऊस किती पडावा हे डोंगर ठरवितो. त्यापुढे राजीनामा देऊ नका, कारण त्यापुढचे सारे, ते कोठे अडवावे, कोणाच्या रानात सोडावे, कोणते पीक घ्यावे, पाणी जमिनीस द्यावे की माणसास, हे माणसांनी ठरविलेले आहे. माणसांनी ठरविलेले माणसांस बदलता येते.

घरी जाऊन तीन कामे करा. पहिले, शाळेत एक पर्जन्यमापक बसवा आणि रोजचा पाऊस मुलांकडून वहीत लिहवून घ्या. ज्याच्याजवळ आकडा आहे त्यास साहेब उडवून लावू शकत नाही. दुसरे, गावच्या पाण्याचा ताळेबंद मांडा: किती आले, किती मुरले, कोणत्या पिकाने किती खाल्ले, कोणाच्या बोअरने किती ओढले. हा ताळेबंद ग्रामसभेत मोठ्याने वाचा. वाचताना कोणाचे नाव येईल याची भीड धरू नका. तिसरे, त्या सभेत भूमिहीन, बलुत्याच्या धंद्यातले कारागीर, ऊसतोडीस जाणारी घरे आणि मुख्यतः आपल्या मायबहिणी यांस पुढे बसवा. उन्हाळ्यात दोन कोसांवरून हंडा आणणाऱ्या बाईस पाण्याचा भूगोल जितका कळतो तितका मला किंवा कोणा विद्वानास कळत नाही.

उद्या पुन्हा कोणी तुम्हांस म्हणेल की दुष्काळ तुमच्या नशिबी आहे, मग ते नशीब पोथीतले असो की नकाशातले. त्यास एवढेच विचारा: बाबा रे, डोंगराने पाठविलेले पाणी आमच्या दारावरून गेले, ते वाटेत कोणी घेतले? त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका.

सत्यमेव जयते.